आरोग्याच्या आकड्यांमधला छेद कुठे जातो?

पायवाट
आरोग्याच्या बातम्या वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते. 'अमुक आजाराचे रुग्ण दुप्पट', 'दाखल झालेल्यांत लस घेतलेलेच जास्त', 'लवकर तपासणी केल्याने रुग्ण जास्त जगतात' असे मथळे येतात. आकडाही दिलेला असतो. पण तो कितीपैकी, किती काळात आणि कोणामध्ये मोजला, हे अख्खी बातमी चाळली तरी सापडत नाही. अंश ठळक टायपात, छेद बेपत्ता.

माझं मत असं की साक्षर माणसाला जसं औषधाच्या पाकिटावरची तारीख बघायची सवय असते, तशी आकड्याखालचा छेद बघायची सवय लागायला हवी. त्यासाठी डॉक्टर असायची गरज नाही, सातवीचं गणित पुरतं.

सुरुवातीला एक साधा प्रश्न ठेवतो. एखाद्या आजाराची चाचणी ९० टक्के अचूक आहे. म्हणजे आजार असलेल्या १०० पैकी ९० जणांना ती बरोबर पकडते आणि आजार नसलेल्या १०० पैकी ९० जणांना बरोबर सोडते. तुम्हाला काहीही त्रास नाही, सहज म्हणून चाचणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली. तुम्हाला तो आजार असण्याची शक्यता किती?

जाणकारांनी लगेच उत्तर देऊ नये ही विनंती. आणि आकड्यांमुळे फसगत झाल्याचे किंवा डोळे उघडल्याचे अनुभव जरूर लिहा.

निळीशाई
९० टक्के. प्रश्नातच उत्तर दिलंय की.

वाचकमात्र
९० च्या जरा खाली असेल असं वाटतंय, पण का ते सांगता येत नाही. वाचतोय.

दशमान
पायवाट, जाणकारांनी थांबावं म्हणालात, पण दोन उत्तरं आली आहेत, तेव्हा आता राहवत नाही. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न दरवर्षी वर्गात विचारतो.

उत्तर देता येत नाही, कारण माहिती अपुरी आहे. मुळात तो आजार किती जणांना असतो हे सांगितलेलंच नाही. समजा १०० पैकी एकाला असतो. आता टक्केवारी बाजूला ठेवा आणि १००० माणसं डोळ्यांसमोर उभी करा. त्यातली १० आजारी, ९९० निरोगी. आजारी १० पैकी ९ जणांची चाचणी पॉझिटिव्ह येईल. निरोगी ९९० पैकी १० टक्के म्हणजे ९९ जणांचीही पॉझिटिव्ह येईल. एकूण पॉझिटिव्ह १०८, त्यात खरे आजारी फक्त ९. म्हणजे शक्यता साधारण ८ टक्के.

९० आणि ८ मध्ये केवढं अंतर आहे बघा. चाचणी तीच, यंत्र तेच, प्रयोगशाळा तीच.

निळीशाई
हे पचायला जड आहे. मग चाचणी करायचीच कशाला? १२ पैकी ११ वेळा खोटी घंटा वाजणार असेल तर नाणेफेक काय वाईट?

रानजाई
निळीशाई, नाणेफेक फार वाईट! मी रोगप्रतिबंधक वैद्यकशास्त्रातली डॉक्टर आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

दशमान सरांच्या १००० जणांतले निगेटिव्ह आलेले मोजा. ८९२ येतात. त्यातले ८९१ खरंच निरोगी आणि फक्त एक आजारी सुटलेला. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट इथे जवळजवळ निर्धास्त करतो. आणि पॉझिटिव्ह आलेल्याची शक्यता १ टक्क्यावरून ८ वर गेली, म्हणजे आठपट झाली. आता या १०८ जणांचीच दुसरी, जास्त काटेकोर चाचणी करायची. स्क्रीनिंगचं, म्हणजे त्रास नसलेल्यांच्या चाळणी-तपासणीचं, काम एवढंच असतं, हजारातून शंभर वेगळे काढणं. निदान त्याच्या पुढची पायरी आहे. लोक, आणि कधीकधी आमचे व्यवसायबंधूही, पहिल्या पायरीलाच निदान समजतात.

दुसरं असं, की हीच चाचणी लक्षणं असलेल्या लोकांमध्ये केली तर चित्र पालटतं. समजा तशा लोकांत १०० पैकी २० जणांना आजार असतो. १००० मध्ये २०० आजारी, त्यातले १८० पॉझिटिव्ह. निरोगी ८००, त्यातले ८० पॉझिटिव्ह. २६० पैकी १८०, म्हणजे ६९ टक्के. डॉक्टर चाचणी लिहून देण्याआधी 'वजन कमी झालंय का, ताप कधीपासून, घरात कुणाला होतं का' असं खोदून विचारतात, ते याचसाठी. तुम्ही कुठल्या हजारांतले आहात ते त्यांना ठरवायचं असतं.

सांजवारा
दशमान, रानजाई, दोघांनाही धन्यवाद. याच्याच जवळचा एक मुद्दा. रक्ततपासणीच्या रिपोर्टवर 'नॉर्मल रेंज' छापलेली असते. ती बहुतेक वेळा निरोगी लोकांचे आकडे घेऊन मधले ९५ टक्के राखून ठरवतात. म्हणजे धडधाकट माणसांपैकीही ५ टक्के त्या चौकटीबाहेर पडणार, हे व्याख्येतच आहे. एका वेळी २० वेगवेगळ्या तपासण्या केल्या आणि त्या एकमेकांपासून स्वतंत्र मानल्या, तर पूर्ण निरोगी माणसाच्या रिपोर्टवर निदान एक तरी आकडा ठळक अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्के.

माझ्या रिपोर्टवर असाच एक आकडा सीमेच्या किंचित बाहेर होता. फॅमिली डॉक्टरांनी तो मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवून बघितला, तर दोन्ही जवळजवळ सारखे. 'तुमचं हेच नॉर्मल' म्हणाले आणि कागद परत दिला.

कडेकपारी
आमच्या होस्टेलवरचा जुना विनोद: निरोगी माणूस म्हणजे ज्याच्या अजून पुरेशा तपासण्या झालेल्या नाहीत तो!

माळरान
चर्चा चांगली चाललीय, पण मला एक भीती वाटते. माझ्या मावशीचा गर्भाशयमुखाचा विकार नियमित तपासणीत सापडला, कर्करोग होण्याआधीच उपचार झाले आणि आज ती ठणठणीत आहे. असे धागे वाचून लोक तपासण्या टाळू लागले तर त्याची जबाबदारी कोणाची? आकड्यांचा कीस काढणं आपल्याला सोपं आहे, ज्याच्या घरात घडतं त्याला विचारा.

रानजाई
माळरान, तुमची भीती रास्त आहे. तुमच्या मावशींनी जी तपासणी केली ती स्क्रीनिंगच्या यशाचं उत्तम उदाहरण आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आधीची अवस्था बरीच वर्षं टिकते, ती सापडते, तिच्यावर उपचार सोपे आहेत, आणि जिथे ही तपासणी नीट राबवली तिथे मृत्यू खरोखर कमी झाले. ती तपासणी कोणीही टाळू नये.

पण सगळ्याच तपासण्या तशा नसतात, म्हणून तर आकडे बघायचे. दक्षिण कोरियात १९९९ नंतर कर्करोगाच्या सरकारी तपासणी कार्यक्रमाबरोबर थोडे जादा पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या तुलनेत १५ पट झालं. मृत्यू मात्र होते तिथेच राहिले. जे कर्करोग कधीच त्रास देणार नव्हते ते हजारोंनी सापडले, ग्रंथी काढल्या गेल्या आणि कित्येकांना जन्मभर गोळी मागे लागली. साथ आजाराची नव्हती, निदानाची होती.

'तपासणीत सापडलेले रुग्ण पाच वर्षं जगण्याचं प्रमाण जास्त' हे वाक्यही तपासून घ्यावं लागतं. दोन माणसं घ्या, दोघंही त्याच आजाराने ७० व्या वर्षी जातात. एकाला ६७ व्या वर्षी त्रास सुरू झाल्यावर निदान झालं. दुसऱ्याला ६० व्या वर्षी तपासणीत. पहिला निदानानंतर तीन वर्षं जगला, दुसरा दहा. पाच वर्षं जगण्याचं प्रमाण एकीकडे शून्य, दुसरीकडे १०० टक्के, आणि आयुष्य मात्र एका दिवसानेही वाढलेलं नाही. म्हणून स्क्रीनिंगचा फायदा मोजायचा तो संपूर्ण लोकसंख्येतल्या मृत्युदरावर, निदानानंतरच्या वर्षांवर नव्हे.

माळरान
हे असं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. म्हणजे 'तपासणी करा' किंवा 'करू नका' असा सरसकट सल्ला कोणी देत असेल तर थांबून विचारायचं. तरीही माझं म्हणणं कायम आहे: हे सांगताना कुठली तपासणी उपयोगी हे आधी सांगा, कोरिया नंतर.

रानजाई
मान्य.

कडेकपारी
'दुप्पट' या शब्दाबद्दल कोणी बोललं नाही अजून. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या तुलनेत दुप्पट होतो. हाहाकार उडाला, असंख्य स्त्रियांनी गोळ्या एका रात्रीत बंद केल्या. प्रत्यक्षात धोका होता ७००० मध्ये एक, तो झाला ७००० मध्ये दोन. पुढच्या वर्षभरात इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३ हजार गर्भपात जास्त झाले. आणि गुठळीचा धोका गरोदरपणात त्या गोळीपेक्षा जास्तच असतो! समितीचं वाक्य खरं होतं. फक्त त्यातला ७००० हा आकडा लोकांपर्यंत पोचला नाही.

दशमान
कडेकपारी, फार बोलकं उदाहरण. पायवाट यांनी सुरुवातीला लसीचा मथळा दिला आहे तोही सोडवून टाकू. १००० जणांच्या वस्तीत ९५० जणांनी लस घेतली, ५० जणांनी नाही. साथ आली. लस न घेतलेल्यांपैकी ४० टक्के, म्हणजे २० जण आजारी पडले. लसीने धोका ९० टक्क्यांनी कमी होतो असं धरलं तर लस घेतलेल्यांपैकी ४ टक्के, म्हणजे ३८ जण. एकूण ५८ रुग्णांत ३८ लस घेतलेले. मथळा काय होणार ते उघड आहे. लस उत्तम असूनही असं होतं, कारण घेणारेच फार आहेत. सगळ्यांनीच घेतली तर १०० टक्के रुग्ण लस घेतलेलेच असतील.

आता तुम्हाला एक कोडं. १९५४ मध्ये अमेरिकेत साल्क यांच्या पोलिओ लसीची प्रचंड मोठी चाचणी झाली. एका भागात ज्या पालकांनी संमती दिली त्यांच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला लस, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली सुई. कोणाला काय मिळालं ते ना पालकांना माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरांना. पोलिओचं प्रमाण दर लाखात असं आलं: लस मिळालेले २८, खोटी सुई मिळालेले ७१, आणि संमतीच न दिलेल्यांची मुलं ४६.

लस न मिळालेले दोन्ही गट. मग एकात ७१ आणि दुसऱ्यात ४६ का?

वाचकमात्र
खोट्या सुईनेच काही झालं असेल का? टोचताना संसर्ग वगैरे?

दशमान
नाही. प्रयत्न चालू ठेवा.

सांजवारा
संमती न देणारे पालक जास्त काळजी घेत असतील, मुलांना गर्दीत पाठवत नसतील?

दशमान
दिशा बरोबर, पण उलटी. पालकांमध्ये फरक आहे हे खरं.

निळीशाई
तोवर माझा एक प्रश्न. पूर्वी सरासरी आयुर्मान ३०-३५ वर्षं होतं म्हणतात. पण माझी पणजी नव्वदीपर्यंत जगली, तिच्या बरोबरीच्याही बऱ्याच जणी. मग हा आकडा आला कुठून? चाळिशीतला माणूस तेव्हा म्हातारा समजायचा का?

रानजाई
छान प्रश्न. दहा बाळं जन्मली असं धरा. चार पहिल्याच वर्षी गेली आणि सहा जण ६५ पर्यंत जगले. सरासरी काढा, ३९ च्या आसपास येते. पण ३९ व्या वर्षी यातलं कोणीच गेलेलं नाही! जुन्या काळच्या कमी आयुर्मानात लहान मुलांच्या मृत्यूंचा वाटा असा प्रचंड असायचा. मोठेही आजच्यापेक्षा लवकर जात, पण मुख्य खड्डा पाळण्याशी होता. म्हणूनच १९७९ मध्ये मॉरिस या अर्थशास्त्रज्ञाने जीवनमानाचा जो निर्देशांक मांडला त्यात जन्मावेळचं आयुर्मान न घेता एक वर्ष पूर्ण झाल्यानंतरचं आयुर्मान घेतलं. अर्भक मृत्युदर त्यात वेगळा होताच, तोच परिणाम दोनदा मोजला जाऊ नये म्हणून. तिसरा घटक साक्षरता.

असंच गैरसमज करून देणारं दुसरं माप म्हणजे ढोबळ मृत्युदर, दर हजारी वर्षाला किती मृत्यू. जपानचा तो भारतापेक्षा जास्त आहे. जपान आजारी आहे म्हणून नव्हे, तर तिथे वृद्ध जास्त आहेत म्हणून. वयाची रचना सारखी करून घेतल्याशिवाय अशी तुलना करूच नये.

पायवाट
आणि 'रुग्ण वाढले' हीसुद्धा कधी चांगली बातमी असू शकते ना? इन्सुलिन १९२२ मध्ये पहिल्यांदा रुग्णाला दिलं गेलं. त्याआधी बालवयातला मधुमेह म्हणजे थोड्या काळात मृत्यू. त्यानंतर मुलं जगू लागली, म्हणजे कोणत्याही दिवशी मोजले तर मधुमेही जास्त. एचआयव्हीतही प्रभावी औषधं आल्यावर तसंच झालं. नवे रुग्ण किती आणि सध्या आजारासह जगणारे किती, हे दोन आकडे वेगळे छापायला हवेत.

अंगणवेल
धागा पहिल्यापासून वाचला. मी जन्म-मृत्यूच्या नोंदींचं काम बरीच वर्षं केलं, त्यामुळे अर्भक मृत्युदराचा उल्लेख आल्यावर लिहावंसं वाटलं.

तुम्ही सगळे छेदाबद्दल बोलताय. अंश कसा भरला जातो तेही बघा. व्याख्या सोपी आहे: वर्षभरात एक वर्षाच्या आत गेलेली बाळं, दर हजार जिवंत जन्मांमागे. पण 'जिवंत जन्म' ठरवायचा कोणी? जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे बाळाने एक श्वास घेतला, हृदयाचा ठोका दिसला, नाळेत स्पंदन जाणवलं किंवा स्नायूंची स्पष्ट हालचाल झाली, यातलं एकही लक्षण असेल तर तो जिवंत जन्म. नंतर बाळ पाच मिनिटांत गेलं तरी त्याचा जन्मही नोंदवायचा आणि मृत्यूही.

आता रात्रीची वेळ, बाळ निळं पडलेलं, दोनदा कण्हलं आणि थांबलं. रजिस्टरमध्ये दोन रकाने आहेत. 'मृत जन्म' मध्ये एक काडी मारली की काम संपतं. 'जिवंत जन्म' लिहिलं तर दुसरं रजिस्टर काढायचं, मृत्यूचा फॉर्म भरायचा, कारण लिहायचं, चौकशीला उत्तरं द्यायची. आईला तर काय झालं हेही कोणी नीट सांगितलेलं नसतं. वरून कोणी 'तुमच्याकडे मृत्यू फार दिसतात' असं एकदा जरी बोललं, तरी पुढच्या महिन्यात काडी कुठे पडेल ते सांगायला नको. दर कमी झाला म्हणून कौतुक होतं, आणि बाळं तितकीच गेलेली असतात.

म्हणून एखाद्या ठिकाणी हा दर अचानक घसरला तर मी आधी मृत जन्मांचा आकडा मागते. तो त्याच वेळी वर गेला असेल तर मला झोप लागत नाही.

माळरान
अंगणवेल ताई, अंगावर काटा आला वाचून. असं लिहीत राहा.

कडेकपारी
डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामाची आठवण झाली. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. पण त्याआधी त्यांनी काय केलं, तर प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू काटेकोरपणे मोजला, आणि तुलनेसाठी दुसरी गावंही तशीच मोजली. मोजणी चांगली झाली की सुरुवातीला मृत्यू वाढल्यासारखे दिसतात, तेवढा धीर धरावा लागतो.

वाचकमात्र
दशमान सर, कोड्याचं उत्तर?

दशमान
हो, राहूनच गेलं. संमती देणारी कुटुंबं सरासरीने जास्त सुस्थितीतली आणि शिकलेली होती. अशा स्वच्छ घरांत मुलांचा पोलिओच्या विषाणूशी संबंध उशिरा येई. दाटीवाटीच्या, गरीब वस्तीत तो अगदी तान्हेपणी येई, जेव्हा आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती अंगात असते. त्यामुळे त्या मुलांना बहुतेक वेळा नकळत सौम्य संसर्ग होऊन पुढचं संरक्षण मिळून जाई. म्हणजे संमती देणाऱ्यांच्या मुलांचा धोका मुळातच जास्त होता.

आता बघा, लस घेतलेल्यांची तुलना संमती न देणाऱ्यांशी केली असती तर ४६ वरून २८, म्हणजे ३९ टक्के फायदा. योग्य तुलना केली तर ७१ वरून २८, म्हणजे ६१ टक्के. स्वतःहून पुढे येणारे आणि न येणारे यांची तुलना करून काढलेला कुठलाही निष्कर्ष वाचताना मला हे तीन आकडे आठवतात. 'अमुक करणारे लोक जास्त जगतात' छापाच्या बातम्यांत बहुधा हीच चूक असते.

निळीशाई
हे सगळ्यात आवडलं. पण मूळ प्रश्नाकडे येतो. मला काहीही त्रास नाही, चाचणी पॉझिटिव्ह आली, तर डॉक्टरांना नेमकं विचारायचं काय? हजार माणसं डोळ्यांसमोर आणायला तेव्हा डोकं ठिकाणावर असेल असं नाही.

रानजाई
एवढंच विचारा: 'माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या १०० जणांची ही चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्यातल्या साधारण किती जणांना खरंच आजार निघतो?' आणि मग, 'खात्री करायला पुढची चाचणी कुठली, आणि तोवर थांबलं तर चालेल का?' चांगल्या डॉक्टरला असा प्रश्न आवडतो. उपचार सुचवले तर 'न घेतल्यास १०० पैकी किती, घेतल्यास किती' एवढं विचारा, पट आणि टक्के नकोत.

अंगणवेल ताई, तुमच्या मुद्द्यावर एक सांगायचं होतं. रकाना बदलण्याच्या या प्रकारावर एक उपाय आहे. परिप्रसूती मृत्युदरात २८ आठवड्यांनंतरचे मृत जन्म आणि पहिल्या सात दिवसांतले मृत्यू एकत्रच मोजतात. काडी या रकान्यात पडली काय किंवा त्या, बेरीज तीच राहते. शिवाय ही बेरीज प्रसूतीच्या वेळी मिळालेल्या सेवेबद्दल थेट बोलते.

अंगणवेल
रानजाई, बरोबर. आमच्याकडे तो आकडा काढला जायचा, पण अहवालाच्या मागच्या पानांत. पहिल्या पानावर अर्भक मृत्युदराच्या शेजारीच छापला तर अर्धी लपवाछपवी आपोआप थांबेल. मात्र त्याने निदानाचा प्रश्न सुटत नाही. दोनदा कण्हलेल्या बाळाला पिशवी आणि मास्कने श्वास द्यायला हवा होता का, हे कळायला ते जिवंत जन्मलं होतं याची नोंद लागतेच. त्यामुळे प्रशिक्षणात मी दोन्ही सांगायचे: बेरीज वर पाठवा, आणि रकाना खरा भरा.

पायवाट
अंगणवेल ताई, नोंदणीच्या कामावर तुम्ही स्वतंत्र धागा काढाल का? मृत्यूचं कारण कसं लिहिलं जातं, 'हृदय बंद पडून' एवढंच लिहिलं तर पुढे त्याचं काय होतं, यावर वाचायला आवडेल.

अंगणवेल
काढते. 'हृदय बंद पडून' वरच एक अख्खा धागा होईल.